जॉर्ज ओहम : कुलूपवाल्याचा मुलगा, शाळेतला शिक्षक आणि मोजमापाचा गुरू



हल्ली सातवी-आठवीतल्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्सची ओढ लागलेली दिसते. कुणी ब्रेडबोर्डवर एलईडी पेटवतो, कुणी जुना रेडिओ उघडून बसतो, कुणाला स्वतःचा कॉम्प्युटर जोडायचा असतो. मग मागण्या सुरू होतात. आधी सोल्डरिंग आयर्न, मग मल्टिमीटर, मग पॉवर सप्लाय. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची बुधवार पेठ, साधा डिजिटल मल्टिमीटर आज काहीशे रुपयांत मिळतो. तरी घरात प्रश्न येतोच, हे खेळणं घेऊन द्यायचं का? आणि शाळेत प्रश्न येतो, याचा परीक्षेत उपयोग काय?

याचं उत्तर शोधण्याआधी तो मल्टिमीटर एकदा हातात घ्या. मधल्या गोल चकतीवर घोड्याच्या नालेसारखं एक चिन्ह दिसेल. ते ग्रीक अक्षर ओमेगा. हे चिन्ह ज्यांच्या नावाच्या एककासाठी वापरतात, ते जॉर्ज सायमन ओहम आयुष्याचा बराचसा काळ आपल्यासारखेच शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होते. ओहमचा नियम आपण सगळेच फळ्यावर लिहितो. तो नियम सापडला कसा, हे मात्र सांगायचं राहून जातं. आज तेच पाहू या.

कारागिराचं घर

जॉर्ज ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग ओहम कुलुपं बनवणारे कारागीर, आई मारिया एलिझाबेथ शिंप्याच्या घरातली. सात मुलांपैकी तीनच जगली. जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली.

वडिलांचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. पण माणूस जिद्दीचा. दिवसभर कानस आणि हातोडा चालवायचा आणि उरलेल्या वेळात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान असं जे मिळेल ते वाचायचं. एवढ्यावर न थांबता त्यांनी दोन्ही मुलांना स्वतः शिकवायला घेतलं. विचार करा, कुलूप म्हणजे बारीक मापाचं काम. किल्लीचा दात केसभर चुकला तरी कुलूप उघडत नाही. माप म्हणजे काय, हे या मुलांनी पुस्तकाच्या आधी कारखान्यात पाहिलं.

अकरा ते पंधरा वर्षांपर्यंत जॉर्ज गावातल्या माध्यमिक शाळेत गेला. तिथे पाठांतराला महत्त्व होतं, विज्ञानाची मात्र बोंबच होती. खरं शिक्षण घरीच चालू होतं. पंधराव्या वर्षी एर्लांगेन विद्यापीठातल्या लांग्सडोर्फ नावाच्या प्राध्यापकांनी त्याची परीक्षा घेतली, तेव्हा ते थक्क झाले. स्वित्झर्लंडमधल्या बर्नोली घराण्यात एकामागून एक गणिती झाले होते. कुलूपवाल्याच्या घरातून तसेच गणिती निघतील असं त्यांना वाटलं. पुढे मार्टिन खरोखरच गणिताचे प्राध्यापक झाले.

भरकटलेला विद्यार्थी

१८०५ साली जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला. आणि आपल्याकडे होतं तेच झालं! घराबाहेरची मोकळीक मिळाली आणि पोरगा नाच, बिलियर्ड आणि बर्फावरचं स्केटिंग यांत रमला. वडील संतापले. आपल्याला जी संधी कधी मिळाली नाही ती हा वाया घालवतोय, हे त्यांना सहन होईना. दीड वर्षात त्याला विद्यापीठातून काढून थेट स्वित्झर्लंडला पाठवलं. तिथे १८०६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो एका शाळेत गणिताचा शिक्षक झाला.

पालकहो, इथे जरा थांबा. पहिल्या प्रयत्नात मूल घसरलं की आपण त्याच्यावर शिक्का मारून मोकळे होतो. जॉर्जच्या बाबतीत त्या शिक्षेतूनच शिस्त आली. शाळेत शिकवता शिकवता त्याने ऑयलर, लाप्लास यांच्यासारख्या मोठ्या गणितज्ञांची पुस्तकं एकट्याने वाचून काढली. १८११ मध्ये तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली.

पदवी मिळाली, पण पोट भरेना. विद्यापीठातल्या अधिव्याख्यात्याच्या कामात पुढे काही दिसत नव्हतं, म्हणून दीड वर्षात ते सोडावं लागलं. १८१३ मध्ये बाम्बेर्ग गावातल्या एका साध्या शाळेत नोकरी मिळाली. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली आणि त्यांना गावातल्याच दुसऱ्या, मुलांनी खच्चून भरलेल्या शाळेत गणित शिकवायला पाठवलं. या धावपळीत ओहम यांनी शाळेतली भूमिती कशी शिकवावी यावर एक पुस्तक लिहिलं. त्याची प्रत प्रशियाच्या राजाकडे पाठवली. राजाला पुस्तक आवडलं आणि १८१७ मध्ये त्यांना कोलोन शहरातल्या जुन्या जेझुइट शाळेत नोकरी मिळाली.

शाळेची प्रयोगशाळा

कोलोनच्या या शाळेत ओहम यांना एक मोठा ठेवा सापडला. तिथे भौतिकशास्त्राची चांगली सुसज्ज प्रयोगशाळा होती. शिकवण्याचे तास संपले की ते प्रयोगशाळेत जाऊन बसत. जे उपकरण नसेल ते स्वतःच्या हाताने बनवत. वडिलांच्या कारखान्यातलं शिक्षण इथे कामाला आलं.

तो काळही भारावलेला होता. १८०० साली इटलीच्या व्होल्टा यांनी पहिली विद्युतघटमाला जगासमोर आणली होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसलं की तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसूची हलते. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या विजेला आता बोट दाखवणारा काटा मिळाला होता! युरोपभर जो तो काटे, तारा आणि घट घेऊन बसला.

पण मोजायचं काय आणि कसं, यावर गोंधळ होता. व्होल्ट नव्हता, अँपिअर नव्हता. विद्युतधारा वेगळी आणि विभवांतर वेगळं, ही आज नववीत शिकवली जाणारी गोष्टही तेव्हा स्पष्ट नव्हती. याआधी चार-पाच दशकं इंग्लंडचे हेन्री कॅव्हेंडिश हे वेगवेगळ्या वाहकांमधून स्वतःच्या अंगाला विजेचे झटके घेत आणि झटका किती जोराचा लागला त्यावरून अंदाज बांधत. त्यांचं शरीर हाच त्यांचा मीटर! त्यांना हा नियम जवळपास सापडलाही होता, पण त्यांनी तो छापलाच नाही. त्यांच्या वह्या मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा जगाला कळलं. (मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, आणि असं कधीही करायचं नाही हेही लगेच सांगा.)

ओहम यांचा प्रश्न अगदी साधा होता. तार जसजशी लांब होते, तसतशी विजेची ताकद किती कमी होते? नुसतं कमी होते म्हणून भागत नाही. किती, ते आकड्यात हवं.

पहिला प्रयत्न फसला

१८२५ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारा घटाला जोडून मोजमापं घेतली आणि त्यावरून एक सूत्र मांडलं. त्यात लॉगॅरिथम होता, दिसायला भारदस्त होतं आणि आकड्यांशी बऱ्यापैकी जुळतही होतं. त्यांनी ते छापूनही टाकलं. पण ते सूत्र चुकीचं होतं.

चूक गणितात नव्हती. घोटाळा होता घटात. त्या काळचे विद्युतघट फार लहरी. तार जोडली की सुरुवातीला जोर जास्त, मग तो घसरणार, तार काढून पुन्हा लावली की वेगळाच. म्हणजे कापड मोजायचं आणि हातातली मोजपट्टीच रबराची! प्रत्येक वेळी ताण वेगळा, माप वेगळं.

आज इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेली मंडळी टेबलावर ठेवायचा नियंत्रित पॉवर सप्लाय का विकत घेतात, याचं उत्तर इथे आहे. पाच व्होल्ट लावले की ते पाचच राहायला हवेत, लोड बदलला तरी. उगमच हलत असेल तर पुढचं प्रत्येक माप हलतं. ओहम यांना अशा पॉवर सप्लायची गरज होती आणि तो जगात कुठेही मिळत नव्हता.

मदत आली ती पोगेनडोर्फ यांच्याकडून. ते विज्ञानाच्या एका नामांकित नियतकालिकाचे संपादक होते. त्यांनी सुचवलं की घट सोडा, उष्णतेवर चालणारा विजेचा उगम वापरून पाहा. जर्मनीतल्याच सीबेक यांनी काही वर्षांपूर्वी दाखवलं होतं की दोन वेगवेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला, तर वीज वाहते. तिचा जोर अगदी कमी, पण दोन्ही सांध्यांचं तापमान स्थिर राहिलं तर जोरही स्थिर.

१८२६ चं यंत्र

आता ओहम यांची युक्ती बघा. त्यांनी बिस्मथ आणि तांबं हे दोन धातू जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे तोवर त्याचं तापमान बदलत नाही आणि बर्फ वितळत आहे तोवर त्याचंही नाही. हा तर आपण सहावी-सातवीतल्या मुलांना शिकवतो तो धडा! त्या साध्या ज्ञानातून त्यांनी न हलणारा उगम तयार केला.

दुसरा भाग मोजण्याचा. एक चुंबकसूची धातूच्या पातळ चपट्या पट्टीला टांगली. खालून तार गेलेली. वीज वाहिली की सूची वळणार. मग वरची पट्टी उलट बाजूला पिळत न्यायची, सूची पुन्हा मूळ जागी येईपर्यंत. जितका पीळ द्यावा लागला, तितकी विजेची ताकद. सूची किती वळली हे नुसत्या डोळ्यांनी ताडण्यापेक्षा ही रीत फार अचूक. पीळ मोजण्याची ही कल्पना फ्रान्सच्या कुलोम यांनी आधी वापरली होती, ओहम यांनी ती आपल्या कामासाठी बेतली.

तिसरी गोष्ट सांध्यांची. तारांची टोकं त्यांनी पाऱ्याच्या छोट्या वाट्यांमध्ये बुडवली, म्हणजे प्रत्येक वेळी जोडणी सारखीच पक्की. (पारा विषारी असतो, आपल्याला त्याची गरज नाही.) सैल जोडणीने माप बिघडतं, हे सोल्डरिंग करणाऱ्या प्रत्येक मुलाला आज अनुभवाने कळतं.

मग एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक तार लावायची, पीळ वाचायचा, लिहायचं. हेच पुन्हा दुसऱ्या दिवशी, पुन्हा तिसऱ्या दिवशी. ८ जानेवारी १८२६ च्या एका फेरीत आलेली वाचनं क्रमाने अशी होती :

३२६.७५, ३००.७५, २७७.७५, २३८.२५, १९०.७५, १३४.५, ८३.२५, ४८.५

या आकड्यांकडे बघत त्यांनी जे सूत्र काढलं ते असं :

ताकद = ७२८५ ÷ (२०.२५ + तारेची लांबी)

कॅल्क्युलेटर घ्या आणि आत्ताच करून बघा. लांबी २ घातली तर उत्तर येतं ३२७.४, प्रत्यक्ष वाचन ३२६.७५. लांबी १८ घातली तर १९०.५, वाचन १९०.७५. लांबी १३० घातली तर ४८.५, वाचनही ४८.५. एका शिक्षकाने हाताने बनवलेल्या यंत्रावर, दोनशे वर्षांपूर्वी! १० इंचाच्या तारेला मात्र थोडा फरक दिसतो, २४०.८ यायला हवं तिथे २३८.२५ आलं. त्यांनी ते वाचन जसंच्या तसं ठेवलं. प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून मग वाचनं जुळवणारी मुलं आपण रोज पाहतो. त्यांना हा आकडा मुद्दाम दाखवा.

या सूत्राचा अर्थ काय? वरची ७२८५ ही संख्या उगमाचा जोर सांगते, ज्याला आपण आज विभवांतर म्हणतो. उकळतं पाणी आणि बर्फ यांच्याऐवजी कमी फरकाची तापमानं घेतली की ही संख्या बदलायची. खालची २०.२५ मात्र जवळपास तीच राहायची. कारण ती तार सोडून उरलेल्या परिपथाचा, म्हणजे उगम आणि जोडण्या यांचा रोध आहे. त्यात तारेचा रोध मिळवला की एकूण रोध. जोराला एकूण रोधाने भागलं की विद्युतधारा. फळ्यावरचं सूत्र ते हेच. फरक इतकाच की आपण उत्तरापासून सुरुवात करतो आणि ओहम तिथे तारा मोजत मोजत पोहोचले.

आदल्या वर्षी छापलेलं सूत्र त्यांनी सोडून दिलं. स्वतःच्या नावावर छापलेली गोष्ट वर्षभरात मागे घ्यायला धाडस लागतं.

पुस्तक आणि त्याची किंमत

१८२६ च्या उन्हाळ्यानंतर ओहम यांनी शाळेतून वर्षभराची रजा घेतली, अर्ध्या पगारावर. ते भाऊ मार्टिन यांच्याकडे बर्लिनला गेले आणि तिथे विद्युत परिपथाचं गणित मांडणारं पुस्तक लिहिलं. १८२७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. फ्रान्सच्या फूरिए यांनी उष्णता वस्तूतून कशी वाहते याचं गणित मांडलं होतं. ओहम यांनी त्याच धर्तीवर विजेचा विचार केला. उष्णता तापमानाच्या फरकामुळे वाहते, तशी वीजही एका फरकामुळे वाहते.

त्यांची अपेक्षा होती की हे काम पाहून एखाद्या विद्यापीठात जागा मिळेल. झालं उलटंच. अनेकांनी पुस्तकाकडे दुर्लक्ष केलं आणि काहींनी कडक टीका केली. तेव्हाच्या जर्मनीत भौतिकशास्त्रात इतकं गणित आणणं बऱ्याच विद्वानांना पटत नव्हतं. निसर्ग हा चिंतनाने कळतो, त्याला असं सूत्रात कोंबायचं नसतं, असा एक मोठा मतप्रवाह होता. शिवाय पुस्तकात गणित पुढे आणि प्रयोग मागे पडले होते. ज्या आकड्यांनी कुणीही गप्प झालं असतं, ते वाचकांच्या नजरेत ठळकपणे आलेच नाहीत.

निराश होऊन ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये तात्पुरत्या कामांवर गणित शिकवत काढली. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, हातात एक खरा नियम, आणि पक्की नोकरी नाही. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत प्राध्यापकाची जागा मिळाली, तेव्हा कुठे जरा स्थैर्य आलं.

उशिरा आलेली दाद

नियम खरा असला की तो कुणाच्या तरी टेबलावर पुन्हा उगवतोच. जर्मनीत फेश्नर यांनी १८३१ मध्ये स्वतः मोजमापं करून ओहम यांच्या बाजूने पुरावा दिला. इतर देशांतही प्रयोग करणाऱ्यांना तेच आकडे मिळू लागले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना आपलं सर्वोच्च मानाचं कोप्ली पदक दिलं आणि पुढच्या वर्षी परदेशी सदस्य करून घेतलं. इंग्लंडच्या व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये रोध मोजण्याच्या पद्धती मांडताना ओहम यांचा नियम पाया म्हणून वापरला. आपल्या बारावीच्या प्रयोगशाळेतला व्हीटस्टन सेतू तो हाच.

परदेशात मान मिळाल्यावर घरच्यांनीही दखल घेतली. ओहम १८४९ मध्ये म्युनिकला गेले आणि १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांना तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचं पूर्ण प्राध्यापकपद मिळालं. तरुणपणापासून जे हवं होतं ते हाती आलं आणि दोनच वर्षांत, ६ जुलै १८५४ रोजी, ते गेले.

नाव एकक झालं

यानंतर तारायंत्रांचं जाळं पसरलं. समुद्राच्या तळातून केबल टाकल्या जाऊ लागल्या. केबल तुटली तर शेकडो मैलांत नेमकी कुठे तुटली, हे किनाऱ्यावर बसून ओळखायचं कसं? रोध मोजून! प्रत्येक मैलाचा रोध माहीत असेल तर एकूण रोधावरून अंतर निघतं. म्हणजे ओहम यांनी जी तारेची लांबी आणि रोधाची सांगड घातली, ती आता पैशाची आणि व्यापाराची गरज झाली. मग सगळ्यांचं एकच एकक हवं झालं. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही एककं स्वीकारली गेली. इंग्रजी ओ हे अक्षर चिन्ह म्हणून घेतलं असतं तर ते शून्यासारखं दिसलं असतं. ओहम या नावाशी उच्चारात जुळणारं ओमेगा हे चिन्ह रूढ झालं.

आजच्या मीटरमध्ये ओहम

तुमच्या मल्टिमीटरची चकती ओमेगावर नेली की तो काय करतो? आपल्या बॅटरीतून रोधकात थोडीशी ठरावीक धारा सोडतो, रोधकाच्या दोन टोकांमधलं विभवांतर मोजतो आणि भागाकार करून आकडा दाखवतो. १८२६ चा भागाकार सेकंदाच्या आत!

आता दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. पूर्ण शून्य यायला हवं, पण साध्या मीटरवर बहुधा ०.२ किंवा ०.३ असं काहीतरी येतं. मुलं म्हणतात मीटर खराब आहे. खराब नाही, तो प्रोबच्या वायरींचा आणि जोडणीचा रोध आहे. ओहम यांच्या सूत्रातला २०.२५ तो हाच, आजच्या रूपात. लहान रोध मोजताना तो वजा करायचा.

मोबाईलची चार्जिंग केबल लांब आणि बारीक असेल तर फोन हळू चार्ज होतो, कारण तारेच्या रोधात थोडं विभवांतर खर्ची पडतं. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डला जाणाऱ्या वायरी जाड आणि अनेक असतात, कारण तिथून मोठी धारा जाते. नवीन हार्डवेअर घेताना मुलं आकडे पाठ करतात. त्या आकड्यांमागचा हा हिशेब त्यांना कळला तर खरेदीही शहाणपणाने होईल.

वर्गात किंवा घरी करून पाहा

१. मऊ पेन्सिलीने (४बी किंवा ६बी) कागदावर साधारण १२ सेंमी लांब आणि अर्धा सेंमी रुंद पट्टी गडद भरा. एक प्रोब एका टोकाला दाबून धरा, दुसरा २, ४, ६, ८, १० सेंमीवर. वाचनं लिहा आणि आलेख काढा. लांबीबरोबर रोध वाढताना दिसेल.

२. टॉर्चच्या सेलचं विभवांतर आधी नुसतं मोजा, मग बल्ब जोडलेला असताना मोजा. आकडा थोडा खाली येईल. जुना सेल जास्त घसरतो. घटाच्या आतही रोध असतो, हे मुलांना स्वतः सापडू द्या.

३. प्रत्येक वाचन किमान तीनदा घ्यायचं आणि न जुळणारं वाचन खोडायचं नाही.

सुरक्षेचे नियम पक्के हवेत. घरातल्या प्लगमध्ये मुलांनी प्रोब घालायचे नाहीत. चालू परिपथात रोध मोजायचा नाही. आणि मीटर विद्युतधारेच्या रेंजवर असताना तो थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावायचा नाही. त्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध अगदी कमी असतो, त्यामुळे शॉर्टसर्किट होऊन फ्यूज उडतो.

तर पालकहो, मुलाने मल्टिमीटर मागितला तर जरूर घेऊन द्या. महागडा नको, साधा चालेल. सोबत एक वहीही द्या, कारण ओहम यांचं यंत्र जितकं मोलाचं होतं तितकीच त्यांनी मांडलेली आकड्यांची ती ओळही. आणि शिक्षक मित्रांनो, धाराविद्युत हा पाठ पुढच्या वेळी घ्याल तेव्हा सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी त्या आठ तारांचे आठ आकडे लिहा. मुलांना म्हणा, यातून काय दिसतंय ते तुम्हीच सांगा. एखादा हात नक्की वर येईल.